सूज उतरल्यानंतर

धाकटीचं पोट दुखायला लागलं की घरातलं बाकी सगळं थांबायचं. सहल थांबायची, भांडण थांबायचं, एकदा तर थोरलीचा वाढदिवस थांबला होता, तो पुढे कधी सुरूच झाला नाही. थोरलीला लहानपणी वाटायचं की जगात आधी धाकटीचं पोट निर्माण झालं असावं आणि बाकीच्या वस्तू मग त्याच्याभोवती सवडीने मांडल्या असाव्यात.

दोघींची घरातली नावं त्यातूनच पडली. धाकटी अंगाने बारीक, म्हणून काडी. थोरली कधी आजारीच पडायची नाही, म्हणून आई चारचौघांत अभिमानाने सांगायची, "ही आमचा दगड. हिला काही होत नाही." अभिमान खराच होता, त्यात शंका नाही. पण दगडाचा अभिमान बाळगून माणूस किती वेळ त्याच्याजवळ बसणार? काडीला जपावं लागतं. दगड ठेवला तिथे राहतो.

शाळेत असताना एकदा थोरलीने अंघोळीचा साबण खाऊन पाहिला. निम्मी वडी संपवली. तोंडाला फेस आला, जीभ दिवसभर गुळगुळीत राहिली, पण पोट काही दुखेना. आईने तिचं तोंड धुतलं, "एवढी मोठी झालीस आणि अक्कल कुठे गहाण टाकलीस?" म्हणाली, आणि तोंड पुसून व्हायच्या आत पुढच्या खोलीत काडीच्या पोटावर हात ठेवायला गेलीसुद्धा. तो हात थोरली दारातून बघत राहिली. रुंद तळवा, बोटं जरा वाकलेली, घड्याळाच्या काट्यासारखा हळूहळू फिरणारा. ती मोठी झाली, शिकली, तिचे केस पिकायला लागले, तरी त्या हाताबद्दल तिचं मत बदललं नाही. तो चुकीच्या पोटावर होता.

पुढे ती संशोधक झाली, आणि विषय घेतला पोटदुखीचा. नातेवाईक म्हणायचे, बहिणीसाठी केलं हो पोरीने, केवढी माया. थोरली हे मान खाली घालून ऐकून घ्यायची. खरं कारण एवढंच होतं की ज्या गोष्टीने आपली आई पळवली, ती गोष्ट एकदा उजेडात धरून नीट बघावी असं तिला वाटलं होतं.

तिचं कामाचं ठिकाण म्हणजे एका लांबलचक इमारतीतल्या दोन खोल्या. एका खोलीत पांढरे उंदीर, लाकडाच्या भुशाचा कोरडा वास आणि हवा खेचणाऱ्या पंख्याची न थांबणारी घरघर. दुसऱ्या खोलीत पडदा, तारा आणि थोरली. उंदराच्या आतड्याला औषधाने सूज आणायची, मग आत एक इवलासा फुगा सरकवून तो किंचित फुगवायचा, आणि पोटाचा स्नायू किती आवळतो ते पोटाला जोडलेल्या तारांवरून पडद्यावरच्या रेघेत मोजायचं. उंदीर सांगत नाही, की बाई, आज फार दुखतंय. पण त्याचं पोट सांगतं. थोरली त्या पोटांची वाचक होती. नुसती रेघ बघून किती दुखलं त्याचा आकडा सांगण्यात तिचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं.

या कामाचा एक नियम होता. आकडा देणाऱ्याला प्राणी कोणता ते माहीत असता कामा नये. कोणाला सूज आहे, कोणाला नाही, कोणाला औषध दिलं, कोणाला नुसतं मिठाचं पाणी, हे फक्त एकाच बाईला ठाऊक असायचं. तीच सुया भरायची, तीच पिंजऱ्यांवर खुणा लावायची, आणि सगळे आकडे हातात पडेपर्यंत तोंड उघडायची नाही. कोणती खूण कोणाची याची किल्ली तिच्याकडे, म्हणून तिला सगळे किल्लीवाली म्हणायचे. नियमामागचं कारण साधं होतं. माणसाला आधी कळलं की हे कोणाचं पोट, तर तो दुखणं तसंच बघतो. ज्याला दुखायला हवं त्याचं जास्त दिसतं, ज्याला दुखायला नको त्याचं दिसतच नाही.

थोरलीचं सगळं काम एका वायूभोवती फिरत होतं. नायट्रिक ऑक्साइड. पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूत, जिथे आतड्याकडून आलेला निरोप पुढे मेंदूकडे दिला जातो, तिथल्या पेशी हा वायू तयार करतात. त्याचं आयुष्य क्षणभराचं. पण त्याला दार लागत नाही. तो पेशीच्या भिंतीतून आरपार जातो, शेजारच्या पेशीला जागं करतो, निरोप आणणाऱ्या पेशीलाही मागे जाऊन सांगतो, की ऐकू आलं, आता अजून मोठ्याने सांग. आतडं सुजलं की हा वायू जास्त बनायला लागतो, आणि मग साधा ताणसुद्धा कळ होऊन वर पोचतो. तो वायू बनवणारं यंत्र मज्जारज्जूपाशी औषध देऊन बंद केलं, की उंदराचं पोट सैल पडतं. आतड्याला हातही न लावता.

ही गोष्ट ज्या वर्षीची, त्या वर्षी एक गंमत झाली होती. थोरलीने रेघांच्या एका गठ्ठ्याचे सगळे आकडे हातात दिले आणि किल्लीवालीला म्हणाली, "हे ताजे सुजलेले. आणि मिठाचं पाणी दिलेले. डोळे मिटून सांगते."

"डोळे मिटूनच सांगायचं असतं तुला, पगार त्याचाच मिळतो," किल्लीवाली म्हणाली. "हे बरे झालेले आहेत."

"कोण?"

"हेच. सूज येऊन गेलेले. आतडी मी स्वतः काचेखाली बघितली नंतर. तुझ्या-माझ्यापेक्षा चांगली होती."

"मग तारा सैल असतील."

"सगळ्यांच्या तारा एकदम सैल? संप केला का त्यांनी?"

तारा घट्ट होत्या. पुन्हा करून बघितलं, तरी तेच. मग अशाच बऱ्या झालेल्या उंदरांना मज्जारज्जूपाशी ते औषध दिलं, आणि पोटं सैल पडली. फुगा तोच, आतडं तेच, निरोगी.

"आग विझली," किल्लीवाली चहात बुडवलेलं बिस्किट वेळेवर बाहेर काढत म्हणाली, "पण घंटा वाजवणाऱ्याला कोणी सांगितलंच नाही. तो बसलाय वाजवत."

थोरलीला तेव्हा काडी आठवली नाही. निदान आठवल्याचं तिने स्वतःला कळू दिलं नाही.

काडीच्या आतड्याला मोठेपणी खरीखुरी सूज आली होती. रक्त, ताप, दवाखाने, वजन उतरणं, सगळं. नवीन औषधं लागू पडायला वेळ लागला, पण पडली. आत दुर्बीण घालून बघणारे डॉक्टर हसत बाहेर आले आणि म्हणाले, "सूज उतरली. आतडं छान दिसतंय." एवढंच म्हणाले बिचारे. पुढचं सगळं घरच्यांनी आपल्या मनाने जोडलं.

या बातमीने थोरलीला आनंद झाला. खरा झाला. फक्त त्याला एक शेपूट होतं. थोरली एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं, विचारणारे थकले होते. तिच्या घरात एक खोली आईसाठी म्हणून कितीतरी वर्षं तयार होती. आईच्या आवडीचा फिका हिरवा रंग, कमी उंचीचा पलंग, खिडकीपाशी हात टेकायला रुंद कट्टा. आई यायचं ठरवायची, पिशवी भरायची, आणि काडीचा फोन यायचा. मग आई म्हणायची, "तू समजूतदार आहेस गं." समजूतदार हा शब्द थोरलीला शिवीसारखा ऐकू यायला लागला होता.

आता आतडं छान होतं. आई आली, आणि चांगली पावसाळाभर राहीन म्हणाली.

आल्या दिवशी तिने स्वयंपाकघराचे सगळे खण उपसले आणि पुन्हा लावले. थोरलीला त्यानंतर चमचे सापडेनात, आणि न सापडणारे चमचे शोधताना ती मनातल्या मनात गात होती. कामावर तिने ज्याला-त्याला सांगितलं, आई आली आहे. पहारेकऱ्यालासुद्धा सांगितलं. संध्याकाळी दोघी फिरायला जायच्या. एकदा आईला बूट घेतले. आई दुकानात इकडून तिकडे चालून दाखवत होती आणि दुकानदाराला म्हणत होती, "माझ्या मुलीला विचारा, तिला कळतं." माझ्या मुलीला. थोरलीने ते बूट महाग असूनही घेतले, आणि खोकं टाकून दिलं नाही.

तसं काडीही घरात होतीच. "काडीला असा रस्सा आवडतो." "काडीच्या घरी उजेड जास्त आहे." "हा पडदा काडीने बघितला तर म्हणेल." थोरली हे सगळं भाजी निवडता निवडता ऐकायची आणि शेंगांचे दाणे जरा जास्तच जोरात भांड्यात टाकायची.

मग एका दुपारी फोन आला. थोरली सुट्टीवर होती, ओटा पुसत होती. आईचं बोलणं आतून ऐकू येत होतं.

"अगं, पण आता साफ आहे ना? ... मग? ... खाल्लंस काय? ... नुसता भात? ... रात्रभर?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. थोरली दारात जाऊन उभी राहिली. आईने पलंगाखालची पिशवी अर्धी बाहेर ओढली होती आणि तिच्या पट्ट्यावर हात ठेवून ती बसली होती.

"तू खरं सांग," आई म्हणाली. "तुझं तर कामच हे. आतडं साफ असेल तर दुखतं कसं?"

या प्रश्नाचं उत्तर त्या वेळी फार थोड्या लोकांना येत होतं, आणि त्यातली एक हातात ओलं फडकं घेऊन दारात उभी होती. तिला एवढंच म्हणायचं होतं की दुखू शकतं, आई. पण तेवढं म्हटलं की ती पिशवी पूर्ण बाहेर येणार, हेही तिला दिसत होतं.

"डॉक्टर साफ म्हणाले ना?" थोरली म्हणाली. "मग साफ आहे."

"म्हणजे दुखत नसेल?"

"इतकी वर्षं दुखलेलं. सवय असते, आई."

एकही शब्द खोटा नव्हता. एखाद्या समितीपुढे उभं केलं असतं तरी तिने प्रत्येक शब्द शाबीत करून दाखवला असता. शास्त्रज्ञ खोटं बोलत नाहीत. कोणता आलेख आधी दाखवायचा आणि कोणता घरी विसरायचा, एवढंच ते ठरवतात.

आईने पायाने पिशवी आत सारली. मग काडीला फोन लावला आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, "ताई म्हणते, ती सवय आहे गं नुसती. ताई रोज तेच बघते. मनावर नको घेऊस, जरा कामाला लाग." पलीकडे काय झालं ते कळलं नाही. आईने फोन ठेवला आणि म्हणाली, "बरं म्हणाली."

त्यानंतर काडीने पोटाचं नाव काढलं नाही. फोन यायचा, पण छान चाललंय, शाळेत जातेय, मुलांनी मजेदार चित्रं काढली, असला. ती चित्रकला शिकवायची. आई सुरुवातीला खूश होती. मग फोन लहान होत गेले. मग आई फोन झाल्यावर तो हातात धरूनच बसून राहायला लागली.

"बरी आहे म्हणते," आई सांगायची.

"मग चांगलं ना."

"हो, चांगलंच." आणि थोड्या वेळाने, "छान आहे म्हणते."

थोरलीने वाट बघितली. आता तरी काडी या घरातून जाईल, आता तरी आई खिडकीच्या कट्ट्याला टेकून तिला विचारेल, तुझं कसं चाललंय. पण पोट गेलं तरी काडी गेली नाही. उलट आधी निदान आजारी काडीचा हेवा वाटायचा, आता ठणठणीत काडीचाही वाटायला लागला. तिने किल्लीवालीपाशी एकदा तोंड उघडलं, सगळं नाही, वरवरचं. किल्लीवाली म्हणाली, "दुखतंय बहिणीचं पोट, आणि मुरडा तुला." थोरलीने विषय बदलला.

एका रविवारी काडी आणि तिचा नवरा जेवायला आले. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून सासरी तो चष्मेवाला. माणूस सरळ, जरा जास्तच सरळ. आत येता येताच तो म्हणाला, "ताई, तुमच्या एका शब्दाने काम झालं बघा. आता तक्रार म्हणून नाही. मी म्हटलं, ताईंनाच आधी विचारायला हवं होतं. एवढे दवाखाने केले फुकट."

"हो का?" थोरली म्हणाली.

काडी हसत होती. आईच्या नव्या बुटांचं कौतुक करत होती. "अरे वा, आम्हाला कधी दाखवले नाहीत हे पाय."

जेवायला बसले. थोरली काडीच्या समोर होती. काडी बोलत होती, सगळ्यांना हसवत होती. शाळेतला एक मुलगा आपल्या आजोबांचं चित्र काढतो आणि दर वेळी त्यांना शेपटी लावतो, विचारलं तर म्हणतो, तुम्हाला दिसत नाही ती. चष्मेवाला हसता हसता ठसकला. आई हसली. थोरलीही हसायला गेली आणि तिची नजर काडीच्या झग्यावर गेली.

कापड पातळ होतं. दोन-चार घास गेले की त्याखाली, बरगड्यांच्या खालच्या बाजूला, काहीतरी आवळायचं. बाहेरून बघणाऱ्याला दिसलंही नसतं. आवळायचं, तसंच राहायचं, मग हळूच सुटायचं. त्याच वेळी काडीचा डावा हात टेबलाच्या कडेवर दाबला जायचा आणि ती पुढचा विनोद सुरू करायची. विनोद बरोबर लाटेच्या टोकावर यायचा. लाट ओसरली की ती पाणी प्यायची.

थोरलीने आयुष्यभर चेहरे बघितले नव्हते. उंदराच्या चेहऱ्याशी तिला काम नव्हतं आणि माणसांच्या चेहऱ्यावर तिचा विश्वास नव्हता. तिने नकळत तेच केलं जे ती रोज करायची. वरचं सगळं झाकलं. हसणं झाकलं, केस झाकले, आईने वाढलेली जास्तीची वाटी झाकली. उरलं ते एक पोट, कोणाचं ते माहीत नसलेलं. पुढची लाट आली आणि थोरलीच्या मनात आकडा उमटला. मोठा होता. आकडा आधी आला आणि बहीण नंतर, आणि मधल्या त्या क्षणात थोरलीला दुसरं काही म्हणायला जागाच उरली नाही.

ताटं उचलून काडी स्वयंपाकघरात आली तेव्हा थोरली नळ सोडून उभी होती.

"दुखतंय तुला."

"नाही गं."

"मी विचारत नाहीये, काडे. सांगतेय."

काडीने ताटं ठेवली. ओट्याला टेकली. तिचा चेहरा एकदम रिकामा झाला, दुकान बंद केल्यावर होतो तसा.

"तूच म्हणालीस ना, सवय आहे," ती म्हणाली. "मग मोडतेय सवय."

"कोणी सांगितलं म्हणून लगेच—"

"कोणी नाही, तू. आई गोड बोलते, हा गोड बोलतो, डॉक्टरसुद्धा गोड बोलतात. तू कधीच माझ्याशी गोड बोलली नाहीस. म्हणून म्हटलं, ताई म्हणते म्हणजे तसंच असेल. माझंच डोकं फिरलं असेल."

नळ चालूच होता. थोरलीने तो बंद केला, कारण तेवढंच एक करता येण्यासारखं होतं.

"आई काय काय बोलते तुझ्याशी?" काडीने मधेच विचारलं.

"काय बोलणार. चमचे, पडदे. तू."

"माझ्याशी पोट बोलते. दुखतंय का, शी झाली का, काय खाल्लंस. आता दुखत नाही म्हटलं तर फोनवर दोघींना बोलायलाच काही उरत नाही. तुझ्याबरोबर बूट घ्यायला जाते ती. माझ्याबरोबर कधी दुकानात आली नाही गं, औषधांच्या सोडून." काडी हसली, आणि या वेळी ते हसणं लाटेच्या टोकावरचं नव्हतं. "जळले मी ते बूट बघून. खरंच जळले."

थोरलीने बहिणीकडे बघितलं. आजवर तिला वाटत होतं, घरात जळणारी आपण एकटी. त्या जागेचीसुद्धा काडी वाटेकरी निघाली.

ती बाहेर आली आणि टेबलापाशी उभ्यानेच म्हणाली, "आई, मी तुला त्या दिवशी अर्धंच सांगितलं. आतडं साफ असलं तरी दुखू शकतं. हिला दुखतंय."

मग तिने सांगितलं. सूज असताना आतड्याकडून पाठीच्या कण्याकडे सारखे निरोप जात होते, तिथल्या पेशींना जोरात ऐकायची आणि जोरात सांगायची सवय लागली, आणि सूज गेली तरी त्यांना ते सोडता येईना. सवय होती, पण काडीची नाही, तिच्या मज्जारज्जूची. तिथे एक वायू तयार होतो, तो—

"गॅस?" चष्मेवाला गंभीरपणे म्हणाला. "गॅस तर आम्हालाही होतो, ताई."

"तो नव्हे, जावईबापू. हा पाठीच्या कण्यात."

"तिथेही होतो?" त्याने नकळत पाठ ताठ केली.

"सगळ्यांना होतो. हिला जास्त होत असेल. माझं काम उंदरांवरचं आहे, माणसाला द्यायचं ते औषध अजून कोणाकडे नाही, आणि हिच्या पाठीत मी काही बघून आलेले नाही. पण नुसत्या दुखण्याचे वेगळे डॉक्टर असतात. त्यांच्याकडे जायला हवं, आणि सूज गेली, दुखणं राहिलं, असं स्पष्ट सांगायला हवं."

आई ऐकत होती. तिचा एक हात टेबलावरच्या कापडाची सुरकुती काढत होता, काढलेली पुन्हा काढत होता.

"हे तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"तू येण्याच्या आधी."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

"तू गेली असतीस," थोरली शेवटी म्हणाली.

आईने मान हलवली. रागाने नाही, हिशेब जुळल्यासारखी. "म्हणजे ही तिकडे कळा सोसत होती, आणि मी तिला सवय सवय म्हणत होते. तुझ्या शब्दांनी." ती उठली आणि हिरव्या खोलीत गेली. पिशवी फरशीवरून ओढल्याचा आवाज आला.

काडी तिच्या मागे दारापर्यंत गेली. "आई, तू इथे राहा. मला तू नकोयस."

पिशवीचा आवाज थांबला.

"तसं नव्हे गं. त्या डॉक्टरांपुढे बोलायला मला ताई हवी. तू तिथे रडतेस."

"मी रडते?"

"दर वेळी. मग ते तुला पाणी देतात, तुझी समजूत घालतात, आणि माझी वेळ संपते."

"मी तुझ्यासाठी रडते."

"माहितीये. पण दुखतं कुठे ते सांगायचं राहतं."

आईने दोघींकडे बघितलं. आधी काडीकडे, मग थोरलीकडे, मग पुन्हा काडीकडे. "म्हणजे आता हिचं सगळं तू बघणार," ती थोरलीला म्हणाली. त्या नजरेची ओळख थोरलीला पटायला वेळ लागला नाही. तिने ती नजर दारात उभी राहून कितीतरी वर्षं वापरली होती.

आई गेलीच. जिथे नको म्हटलं होतं तिथे गेली, आणि जिथे रंगवलेली खोली होती तिथून गेली. थोरलीने पिशवी खाली नेली. आई चष्मेवाल्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसली, काच वर केली आणि समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिली. पुढचे काही दिवस ती फोनवर थोरलीशी बोलली नाही. काडीशी बोलायची आणि मधेच मोठ्याने म्हणायची, "तिला सांग, मी ठीक आहे."

दुखण्याच्या डॉक्टरांकडे जायच्या दिवशी आईही आली. "मी बाहेर बसेन," तिने जाहीर केलं, आणि खरंच बसली, मांडीवर हात, शेजारच्या खुर्चीवर पिशवी, पायात नवे बूट. चष्मेवाला गाडी लावायला जागा शोधत होता.

आत डॉक्टरांनी विचारलं, "कुठे दुखतं?" थोरली सगळं पाठ करून आली होती. सूज, मज्जारज्जू, तो वायू, क्रमाने. तिने तोंड उघडलं, तोवर काडीच बोलायला लागली होती. कुठे सुरू होतं, कुठे सरकतं, किती घासांनी, बसल्यावर कसं, वर्गात फळ्याकडे हात उंचावल्यावर कसं. अडखळली नाही, हसली नाही, विनोद केला नाही. थोरलीने इतकी वर्षं दुखण्याचे आकडे दिले होते, पण असं नेमकं वर्णन तिने कधी ऐकलं नव्हतं. तिला याही बाबतीत जरा हेवा वाटला. फक्त शेवटी डॉक्टरांनी थोरलीकडे बघून "आतड्याचा अहवाल साफ आहे ना?" असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "साफ आहे. आणि तरी दुखतंय." डॉक्टरांनी मान डोलावली. "असं होतं," ते म्हणाले, आणि काय काय करून बघता येईल ते सांगू लागले. काडीने टेबलाखाली थोरलीचा हात धरला. मग बराच वेळ सोडला नाही.

त्या बाहेर आल्या तेव्हा आई उभीच होती, खुर्चीपासून दाराकडे चार पावलं पुढे आलेली. तिने काडीचा चेहरा न्याहाळला. "काय म्हणाले?"

"ताईला विचार," काडी म्हणाली.

आईला ते जड गेलं. तिने ओठ दाबले, पिशवीचा पट्टा सरळ केला. मग थोरलीकडे न बघता विचारलं, "काय म्हणाले?"

थोरली सांगायला लागली. दुखणं खरं आहे म्हणाले. गोळ्या कोणत्या, त्यांनी सुरुवातीला झोप जास्त येईल, पोटासाठी नव्हेत तर पाठीतून जाणारे निरोप शांत करण्यासाठी आहेत. लगेच गुण येणार नाही. कदाचित पहिल्या गोळीने येणारच नाही, मग दुसरी.

"सगळं सांग," आई मधेच म्हणाली.

"सगळंच सांगतेय, आई."

"मागच्या वेळीही मला तसंच वाटलं होतं," आई म्हणाली. ती मागे जाऊन बसली. मग शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून तिने मांडीवर घेतली आणि जागा करून दिली.

त्या जागेवर काडी बसली. थोरली उभ्यानेच पुढचं सांगू लागली.